चुकलेलं आधी

पिंगळी, शुक्रवार सकाळ

परभणीला म्हणून निघालो आणि पिंगळीला उतरलो. परभणी आली तेव्हा मी वरच्या बर्थवर तोंड उघडं टाकून झोपलो होतो. पुढे क्रॉसिंगसाठी गाडी पिंगळीला थांबली, तेव्हा खालच्या बर्थवरच्या म्हातारीने माझ्या तळपायाला काठी टोचली.

"परभनीला उतरायचं म्हनत होता ना वं तुमी?"

"हो."

"ती गेली."

जणू मी झोपलेला पाहून परभणीच कंटाळून उठून गेली होती. बॅग छातीशी धरून मी खडीवर उडी मारली. एका चपलेचा अंगठा तिथेच तुटला. सकाळचे सात वाजलेले, पण मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन घड्याळ बघून येत नाही. स्टेशनाच्या सावलीत बसून मी इस्माईलभाईला फोन लावला. इस्माईलभाई म्हणजे माझा कॉलेजातला दोस्त, परभणीत गाड्यांची सीटकव्हरं शिवतो. गोलरक्षकाचे फाटलेले पॅडही त्याच मशीनवर शिवतो.

"तिथंच बस," तो म्हणाला. "आमाला तिकडूनच जायचं हाय. तू झोपला तरी सही जागी झोपतो बघ."

हे वाक्य त्याने कौतुकाने म्हटलं होतं. मला ते का झोंबलं, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. जीप यायला तासभर होता, तेवढ्यात सांगून टाकतो.

परभणीत हॉकी खेळतात, हे पुण्यात कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग "बर्फावरची का?" असं विचारतात. निजामाच्या काळापासून आमच्याकडे हॉकी आहे. मुरुमाच्या मैदानावरची. पडलं की गुडघ्याचं साल मैदानाला द्यायचं. आमच्या कॉलेजच्या संघात मी चार वर्षं राखीव गोलरक्षक होतो. राखीव म्हणजे काय, तर चार वर्षांत मी मैदानात उतरलो ते पाण्याच्या बाटल्या घेऊन. मित्र मला आजही राखीव म्हणतात. बायकोलाही लग्नानंतर सहा महिने ते आडनाव वाटत होतं.

कॉलेज सुटलं, हॉकी सुटली नाही. "डीच्या आत" नावाचा आमचा ग्रुप आहे. डी म्हणजे गोलासमोरचा अर्धगोल. ग्रुपातल्या बहुतेकांनी वीस वर्षांत स्टिकला हात लावलेला नाही, पण धरलेलं मत कुणी सोडत नाही. विद्यापीठाचे सामने उन्हाळ्याआधी संपतात, नवी पोरं पावसाळ्यात येतात. मधल्या महिन्यांत खेळायला काहीच नसतं, त्यामुळे बोलायला सगळं असतं.

आणि याच मोकळ्या महिन्यांत आमची एक रीत आहे. आमचा जो खेळाडू कॉलेजातून बाहेर पडून रेल्वेत, पोलिसात, कुठल्या खात्यात खेळायला लागलेला असतो, तो सुट्टीला घरी आला की आम्ही दोघंतिघं त्याच्या गावी जातो आणि त्याच्या घरच्यांना त्याचा एक सामना सांगतो. त्या आईबापांनी पोराला खेळताना कधी पाहिलेलं नसतं. ही रीत आमच्या जुन्या क्रीडाशिक्षकांनी घातली. नियम दोनच. ज्याने सामना डोळ्यांनी पाहिला त्यानेच सांगायचा, खेळाडूने स्वतः तोंड उघडायचं नाही. आणि चुकलेलं आधी सांगायचं, मग जमलेलं. सर म्हणायचे, उलटं केलं की बाप समजतो, मास्तर पोरगं पळवायला आलाय.

आता माझं. या वर्षीच्या खात्यांच्या स्पर्धेत आमचा बालाजी एका संघाचा गोलरक्षक होता. वय तेवीस, पालमच्या अलीकडच्या एका वस्तीवरचा, मेंढपाळाच्या घरचा. त्याचा उपांत्य सामना पुण्यात, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. अंतिम सामना दूर दुसऱ्या राज्यात होणार होता आणि तिथे आमचं कुणीच जाणार नव्हतं. म्हणजे आमच्यापैकी कुणाला पाहता येईल अशा बालाजीच्या सगळ्यात मोठ्या सामन्याचा एकमेव साक्षीदार मी. ग्रुपाने तसा ठराव केला. मी अंगठा दाखवला.

गेलो. पहिली दोन सत्रं पाहिली. स्टँडला छप्पर नव्हतं. मध्यंतरात म्हटलं, पाच मिनिटं गाडीत बसू, एसी लावू. डोळा मिटला. उघडला तेव्हा लोक गाड्या काढत होते. वॉचमनला विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "शूटआउटला गेली. निळे जिंकले." निळे म्हणजे बालाजीचे. मोबाईलवर निकाल पाहिला : दोन-दोन बरोबरी, शूटआउटमध्ये, म्हणजे एकट्या गोलरक्षकासमोर आठ सेकंदांत गोल मारायच्या पाच-पाच संधींमध्ये, तीन-दोन. समोरच्यांचे पाचातले दोन बसले, म्हणजे आपल्या पोराने तीन अडवले, असा मी गाडीतच हिशोब मांडला आणि ग्रुपात लिहिलं : "बालाजीने तीन अडवले. या डोळ्यांनी पाहिलं. अजून काटा आहे अंगावर."

शंभरावर नमस्कार आले. मग मे उजाडला, बालाजी सुट्टीला घरी आला आणि इस्माईलभाईचा फोन आला. "राखीव, सामना तूच सांगणार. दुसरा कोन हाय?"

ताडकळस, शुक्रवार दुपार

जीप वैजनाथ सरांची. सर म्हणजे आमच्या वेळचे आघाडीचे खेळाडू, आता शाळेत शिकवतात, राहायला ताडकळसला. त्या दिवशी गावात बाजार होता. मिरच्यांचे ढीग, दोरखंडं, घुंगुरमाळा, कलिंगडाच्या फोडी आणि त्यावर माशांची सभा. मी आधी चप्पल शिवून घेतली. मग हॉटेलात बसलो. पुण्यात हॉटेलात गेलं की बसायला जागा आहे का बघतात. इथे बसलेले लोक सरकतात आणि सरकून झाल्यावर कोण कुठला ते विचारतात. भजी, तळलेली मिरची, बशीतला चहा. मराठवाड्याचा चहा एवढा गोड असतो की खोटं बोलायला जीभ आपोआप सैल होते. हा दोष मी चहावर टाकून पाहतोय, पण तो तिथे राहणार नाही.

बोलणं सुरू झालं. पुढच्या वर्षी डाव्या बगलेला कोण, पूर्णेचं ते पोरगं अकरावीला आपल्याकडे येतंय का, पोलिसात लागलेला आपला सेंटर हाफ जाड झालाय का.

"जाड न्हाई झाला," वैजनाथ सर म्हणाले. "लग्न झालंय त्याचं."

"एकच बात हाय," इस्माईलभाई म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "ते सोड. दुसरा गोल कसा बसला आपल्यावर? दोन-एक होतं ना आपलं?"

मध्यंतराला एक-एक होतं, एवढं मी पाहिलेलं. पुढचं मी झोपेत घालवलेलं. त्या क्षणी बशी खाली ठेवून "दोस्तांनो, मी झोपलो होतो" एवढं म्हणालो असतो तर दहा वर्षं चेष्टा झाली असती आणि विषय संपला असता.

"उन्हाची तिरीप डोळ्यावर होती," मी म्हणालो. "पण शूटआउट ऐका."

मग मी उठलोच. मिठाची बरणी गोल, भज्याचा तुकडा चेंडू. बालाजी पहिल्याला कसा पुढे येऊन भिडला, दुसऱ्याला कसा लोळून, तिसऱ्याचा चेंडू कसा पायातल्या किकरच्या टोकाने बाहेर काढला. बाजारातली चार माणसं येऊन उभी राहिली. एकाने विचारलं, "कोनती म्याच हाय वं?" दुसरा म्हणाला, "गप, ऐकायला लाग." हॉटेलवाल्याने मला चहा फुकट दिला. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली मॅच, आणि ती मी भज्यावर खेळलो.

संध्याकाळी सरांच्या अंगणात पाणी शिंपडून खाटा टाकल्या तेव्हा त्यांनी खरी गोष्ट सांगितली. बालाजी खात्यात कायम नाही, वर्षाच्या करारावर आहे. तिसऱ्या वर्षासाठी बोलावणं आलंय, सोमवारपर्यंत हो की नाही कळवायचं. इकडे बापाचा, खंडूमामांचा, गुडघा गेलाय. मेंढरांमागे चालवत नाही. बालाजी परत गेला तर कळप भावकीत देऊन टाकावा लागेल, आणि एकदा गेलेला कळप परत येत नाही.

"खंडूमामा म्हनलेत, पोरगं सवताबद्दल काय बी सांगंल," सर म्हणाले. "ज्यानं बगितलंय त्यानं सांगावं, मग मी ठरवतो. तुझ्यावर हाय, राखीव."

मी कुशीवर वळलो. त्या रात्री नेमकी मला झोप आली नाही.

पालमच्या अलीकडे, शनिवार

रस्ता काळ्या रानातून जातो. उन्हाळ्यात या जमिनीला एवढ्या रुंद भेगा पडतात की जीपमधूनही दिसतात. बाभळी, एखादा हिरवागार कडुनिंब, लांब कुठे एसटीचा लाल ठिपका. वस्ती म्हणजे चार घरं, पत्र्याची, आणि बाजूला मेंढरांसाठी जाळीचं कुंपण. त्याला ते वाघर म्हणतात. दुपारची मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती. सावलीची ही सहकारी पद्धत मला फार आवडली.

खंडूमामा उंच, वाळलेले, डोक्याला लाल पटका. बसताना एक पाय सरळ पुढे ठेवतात. बालाजीची आई, गयामावशी, यांनी पाणी दिलं, मग शेळीच्या दुधाचा चहा. बालाजी बापापेक्षाही उंच. मला वाकून नमस्कार केला. त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख काळंनिळं होतं. सामन्यातलं असावं. मला माहीत असायला हवं होतं.

निंबाखाली घोंगडी अंथरली. शेजारच्या घरांतले लोक आले, बायका उंबऱ्यात बसल्या. बालाजी रीतीप्रमाणे सगळ्यांच्या मागे, खाली मान घालून.

"हां, सांगा बगू," खंडूमामा म्हणाले.

इस्माईलभाई माझ्या कानाशी : "पैले चुका."

इथे माझं डोकं कसं चाललं ते प्रामाणिकपणे लिहितो. चूक सांगायची तर ती रचावी लागणार. आणि खोटी चूक पोराच्या पदरात टाकायला माझं मन धजेना. खोटं कौतुक मात्र टाकायला काहीच वाटेना. कौतुकाने कुणाचं काय बिघडतं, असं मला पंचेचाळीस वर्षं वाटत आलेलं आहे.

"चूकच नव्हती," मी म्हणालो.

बालाजीने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली घातली.

"येक बी न्हाई?" खंडूमामांनी विचारलं.

"एकही नाही, मामा."

मग मी सांगितलं. ताडकळसपेक्षा चांगलं सांगितलं. या वेळी भजी नव्हती, तर स्वतःच लोळलो. पहिला अडवला, दुसरा अडवला, तिसरा अडवला. घामाने शर्ट चिकटला. संपवून मी बसलो आणि वाट पाहिली. पुण्यात अशा वेळी टाळ्या वाजतात.

इथे उंबऱ्यातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. खंडूमामा गुडघ्यावर हात दाबून उठले.

"बरं," म्हणाले, आणि मेंढरांकडे गेले.

जेवायला ज्वारीच्या भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, कांदा फोडून. आमटीचा तो भाजक्या मसाल्याचा वास मी पुण्यात स्वप्नात घेतो. त्या दिवशी समोर होती आणि मी भाकरी नुसती बुडवत बसलो, कारण वाढताना मावशी कुणाकडेच बघत नव्हत्या. हात धुवायला उठलो तेव्हा त्यांनी वैजनाथ सरांना बाजूला घेतलेलं ऐकलं.

"काय केलंय वं पोरानं तितं? मारामारी केली का? का काय खाल्लं-पिल्लं?"

"कायच न्हाई केलं मावशी. असं कामून इचारायलाव?"

"मंग चूक कामून दडवायलेत हे?"

सर माझ्याकडे आले. त्यांच्या चेहऱ्यावर मला वर्गाबाहेर काढायच्या आधीचा भाव दिसला.

"मामा मेंढरं इकनारं मानूस हाय," ते हळू म्हणाले. "बाजारात जनावराची खोड आधी सांगतेत. लंगडतंय, दात गेलेत, दूध कमी हाय. मग भाव. खोडच न्हाई म्हनला की समोरचा हात आखडून घेतो. तितं नक्कीच मोठं कायतरी असतंय." थोडं थांबून म्हणाले, "त्यांनी बालाजीला सांगितलंय. सोमवारी न्हाई म्हनून कळीव."

वस्तीवर, रविवार सकाळ

पहाटे उठून मी वाघरीजवळ गेलो. खंडूमामा जाळीचा एक कोपरा उचलून मेंढरं एकेक बाहेर सोडत होते. काठी आडवी धरलेली. एखादं घाईने घुसलं की काठी खाली, की ते मागे. मी चार वर्षं गोलात उभं राहायला शिकलो, पण असं उभं राहणं मला एकदाही जमलं नव्हतं.

मागे पाच पावलांवर बालाजी होता, इस्माईलभाई राखेने दात घासत आला, सर आले. एकांतात सांगावं असा माझा विचार होता. तो तसा भित्राच विचार होता, त्यामुळे चौघांसमोर सांगावं लागलं ते बरंच झालं.

"मामा, मी सामना बघितला नाही."

काठी आडवीच राहिली. "म्हंजे?"

"अर्धा बघितला. मग झोपलो."

"कुटं?"

"गाडीत. गार हवा लावून."

इस्माईलभाईने तोंडातली राख थुंकली. "या अल्ला," एवढंच म्हणाला.

"अन् काल जे लोळून दाखिवलंत?"

"मनानं."

खंडूमामांनी एक मेंढरू सोडलं. मग दुसरं.

"तुमाला राखनीला ठेवलं होतं ना ह्यांनी?" त्यांनी मित्रांकडे हनुवटी केली.

"हो."

"राखन सोडून झोपलात. बरं, झोपलात. झोप कुनाला येत न्हाई. पर उटल्यावर मोजलं न्हाई, अन् समदी हायत म्हनून सांगितलं."

रागावले असते तर मी हसून वेळ मारली असती; मला ती कला येते. ते रागावले नव्हते. माझ्याकडे बघत होते, जसं लंगडणाऱ्या जनावराकडे बघतात, कुठल्या पायात आहे म्हणून. कान इतके तापले की हात लावून पाहावेसे वाटले.

"आता कोन सांगनार?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी मागे वळून हाक मारली, "बाळ्या, तूच सांग."

"मी कसं सांगू आबा? तशी रीत न्हाई."

"रीत ह्यांनी मोडली. तू सांग."

बालाजी पुढे आला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. शेवटी त्याने वाघरीचा खुंट धरला.

"आमी दोन-एक नं पुढं होतो. चार मिंटं रायली होती. येक चेंडू आला, साधा. सोडला असता तर बाहीर गेला असता. मी कामून पुढं गेलो मला म्हाईत न्हाई. लाथ मारली अन् लागलीच न्हाई. पायाखालून गेला, हळूहळू. मी वळून बगायलोय अन् तो जायलाय. चालत गेला आबा तो गोलात."

"समद्यांनी बगितलं?"

"समद्यांनी. आमचा कप्तान माझ्याकडं बगितला बी न्हाई."

"मंग?"

"मंग वाटलं, मैदान सोडून जावं. शूटआउटला मीच उभा राहनार होतो. कोचला म्हनलो, दुसऱ्याला ठिवा. कोच म्हनले, केलं ते तू, निस्तर तूच."

"मंग ते तीन अडवलेस?"

"तीन न्हाई. येक अडवला." बालाजी माझ्याकडे न बघता म्हणाला, आणि हे त्याचं न बघणं मला अजून आठवतं. "येकानं सवताच बाहीर मारला. येकाला आठ सेकंद पुरले न्हाईत, मी नुसता आडवा हिंडत रायलो त्याच्याफुडं. शिट्टी झाली. जो अडवला त्यात हा अंगठा गेला."

खंडूमामांनी काठी खाली टेकली. दोनचार मेंढरं आपापली निघून गेली, त्यांनी बघितलंही नाही. मी पहिल्यांदाच तो सामना ऐकत होतो. माझ्या तीन लोळण्यांपेक्षा हे आठ सेकंद नुसतं आडवं हिंडत राहणं कितीतरी मोठं होतं, आणि मी ते पाहायला वीस मिनिटांवरून गेलो होतो आणि दीडशे फुटांवर झोपलो होतो.

"चार मिंटं आधी येवढं चुकल्यावर परत उभा रायलास," खंडूमामा म्हणाले. विचारलं नाही, स्वतःशी जुळवून पाहिल्यासारखं म्हणाले. मग घराकडे तोंड करून, "गया, तुझ्या भाऊजीला निरोप धाड. कळप न्या म्हनावं, आखाडाच्या आधी."

आतून मावशींनी भांडं ठेवल्याचा आवाज आला. बालाजी खाली बसला. बापाने त्याच्याकडे पाठ करून मेंढरं सोडायला घेतली. एकेकाच्या पाठीवरून हात फिरवूनच बाहेर सोडत होते. काल असं करत नव्हते.

निघताना मी पाया पडायला वाकलो. त्यांनी दंड धरून उठवलं.

"तुमी पुन्यातच असता ना?"

"हो."

"त्याचे सामने तितंच हायत?"

"बहुतेक सगळे."

"मंग तुमीच बगायचे. अन् मला फोन लावायचा. चुकलेलं आधी."

इस्माईलभाई मध्ये पडला, "मामा, हा नको. दुसरा बघू आपन. भरवसा न्हाई याचा."

"ह्योच," खंडूमामा म्हणाले. "दुसऱ्याला आजून झोप लागायची हाय."

परतीच्या जीपमध्ये पिंगळी गेल्यावर इस्माईलभाई म्हणाला, "भजी चांगली खेळली तू," आणि खिडकीबाहेर बघायला लागला. ग्रुपात त्याने काहीच लिहिलं नाही. ते मीच लिहिलं, परभणीच्या फलाटावर उभा राहून, बसलो तर झोप लागेल या भीतीने. पाठवून झाल्यावर फोन बंद करून ठेवला आणि मनमाड येईपर्यंत उघडला नाही.

पुणे, परत आल्यावर

हंगाम सुरू होऊन दोन महिने होत आले. मी प्रत्येक सामन्याला जातो. बायकोला आधी वाटलं मला कसलं तरी वेड लागलंय. आता ती थर्मासमध्ये कॉफी भरून देते. संध्याकाळी फोन लावतो. पलीकडे खंडूमामा "हां" म्हणतात आणि गप्प बसतात. मी सांगतो : आज डाव्या बाजूला उशिरा पोचला. आज ओरडून बचावफळीला सांगायचं विसरला. ते "हूं" म्हणतात. मग जमलेलं सांगतो. कधी विचारतात, "अंगठा कसाय?" कळपाबद्दल मी विचारत नाही. मेंढरं आता मामांच्या भावाकडे पूर्णेच्या बाजूला असतात, एवढं बालाजीकडून कळलं.

गेल्या रविवारी घोळ झाला. बालाजी असा खेळला की काही चुकलंच नाही. समोरच्यांचा एकही गोल नाही. चार पेनल्टी कॉर्नर, चारही बाहेर. मी पोचल्यापासून शेवटच्या शिट्टीपर्यंत डोळे फाडून चूक शोधत होतो. शेजारचा प्रेक्षक म्हणाला, "काका, तुम्ही समोरच्या संघाचे का?" सामना संपला, बालाजी हेल्मेट काढून हसला, आणि मला घाम फुटला. आता फोनवर काय सांगू? चूकच नव्हती, हे वाक्य मी त्या घरात एकदा बोललेलो आहे.

पार्किंगमध्ये गाडीबाहेर उभा राहून फोन लावला.

"हां," खंडूमामा म्हणाले.

"मामा, चुकलेलं आधी सांगतो. सिग्नलला अडकलो. मी पाच मिनिटं उशिरा पोचलो. पहिली पाच मिनिटं मी पाहिलेली नाहीत."

पलीकडे काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

"पाचच?"

"पाचच."

"बरं," ते म्हणाले. "आता फुडचं सांगा."